आच कुठून येते?

गेल्या महिन्यात तीन मित्रांकडे जेवायला जाणं झालं. तिन्ही घरांत कन्व्हेक्शन ओव्हन होता. पहिल्या घरी त्यात आदल्या दिवशीची भाजी गरम झाली. दुसऱ्या घरी पापड भाजले गेले. आणि तिसऱ्या घरी आत ब्रेडचा पुडा आणि बिस्किटांचे डबे होते. (मुंग्या लागत नाहीत म्हणे!)

हसू नका, आमच्याकडेही हेच होतं. आईला हौसेने ओव्हन घेऊन दिला, मॅन्युअल हातात दिलं आणि 'आता दिवाळीला घरीच नानकटाई' असं जाहीर करून टाकलं. आईने नानकटाई केली. दहा मिनिटं मायक्रोवर. वरून पांढरीफटक, आणि मोडून बघितली तर आत काळी ठिक्कर! अर्धा किलो तूप वाया गेल्याचं दुःख तिला झालं आणि मी काय म्हणालो? "अगं आई, मॅन्युअल वाचत जा ना जरा!"

त्यानंतर तीन महिने ओव्हन बंद. मग एके दिवशी तिने शांतपणे विचारलं, "अरे, ते सगळं राहू दे. ह्यात आच कुठून येते तेवढं सांग." आणि मी, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला माणूस, गप्प! कारण मी स्वतः फक्त '३० सेकंद' हे एकच बटण दाबत आलो होतो.

तर सांगायचा मुद्दा असा, की ऑटो कुक मेनू नावाचा जो प्रकार असतो ना, त्यानेच आपला घात केलाय. शंभर-दोनशे पदार्थांची यादी, प्रत्येकाला एक कोड, वजन टाका आणि स्टार्ट दाबा. पण तुमचं पीठ किती सैल आहे, भांडं काचेचं आहे की सिलिकॉनचं, पनीर फ्रीजमधून आत्ता काढलंय की तासाभरापूर्वी, हे त्या कोडला कुठून कळणार? पदार्थ बिघडला की का बिघडला ते आपल्यालाही कळत नाही. मग आपण यंत्राला नाहीतर आईला दोष देतो. दोनशे कोड पाठ करण्यापेक्षा तीन मोड समजून घ्या. आईचा प्रश्न धरूनच सांगतो.

मायक्रो : इथे आच कुठूनच येत नाही. मॅग्नेट्रॉनमधून साधारण २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी निघतात, त्या पदार्थातल्या पाण्याच्या कणांना हलवतात आणि पदार्थ स्वतःच तापतो. आतली हवा मात्र जवळजवळ थंडच राहते. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणून बटाटा उकडेल, कोथिंबीर वडीचा उंडा वाफवून होईल, पण तांबूस काही होणार नाही. शेंगदाणे मात्र भाजले जातात, कारण त्यांत पाणी कमी आणि तेल जास्त. तेही दर मिनिटाला ढवळले नाहीत तर आतून करपतात. नानकटाईचं हेच झालं होतं. तूप-साखर भरपूर, पाणी जवळजवळ नाही. बाहेरची बाजू थंड हवेत आणि आतली उष्णता जायला वाट नाही!

अजून एक गंमत. साध्या (म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या) ओव्हनमध्ये '५० टक्के पॉवर' म्हणजे लहरी निम्म्या जोराच्या होतात असं नाही. काही सेकंद पूर्ण चालू, काही सेकंद पूर्ण बंद. त्या बंद वेळात उष्णता आत पसरते. म्हणून गोठलेलं काही सोडवायचं असेल तर कमी पॉवर.

ग्रिल : इथे आच वरून येते. छताला हीटर असतो, तो लाल होतो आणि समोर जे दिसेल त्याला भाजतो. म्हणून उंच जाळी वापरायची आणि पदार्थ मधे उलटायचा. पनीर टिक्का, चीज टोस्ट, पापलेटचे तुकडे ह्याचं काम. जाड पदार्थ नुसत्या ग्रिलवर ठेवला तर वरून करपेल आणि आत कच्चा राहील.

कन्व्हेक्शन : इथे आच सगळीकडून येते. हीटर हवा तापवतो आणि पंखा ती फिरवतो. केक, नानकटाई, पाव, बिस्किटं सगळी इथे. दोन नियम पाळा. आधी रिकामा ओव्हन ठरलेल्या तापमानाला येऊ द्या, आणि पंखा नसलेल्या ओव्हनची रेसिपी असेल तर तापमान १५-२० अंशांनी कमी करा. हवेला फिरायला जागा ठेवा, ट्रे कडेपर्यंत भरू नका.

भांड्यांचा घोळही इथेच सुटतो. कन्व्हेक्शनमध्ये ॲल्युमिनियमचा केकचा डबा चालतो, मायक्रोत त्याच डब्याने ठिणग्या उडू शकतात. उलट मायक्रोत चालणारा प्लास्टिकचा डबा कन्व्हेक्शनच्या १८० अंशांत वितळेल. आणि कॉम्बिनेशन मोडमध्ये दोन्ही चालू असतात, म्हणून तिथे धातूही नको आणि प्लास्टिकही नको. ओव्हनला चालणारी काच घ्या.

हे सगळं मी आईला कागदावर चित्र काढून सांगितलं. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ग्रिल म्हणजे झाकणावरचे निखारे. आणि हे पंख्याचं म्हणजे बेकरीची भट्टी. असं सरळ सांगायचं ना!"

तिच्या लहानपणी नानकटाई पातेल्यात वाळू घालून, खाली शेगडी आणि झाकणावर निखारे ठेवून होत असे. दिवाळीत पत्र्याचे ट्रे घेऊन बेकरीत भाजायलाही नेत. गोव्यात बेबिंका अशीच वरून आच देऊन थराथराने भाजतात. म्हणजे खालून आच, वरून आच, सगळीकडून आच हे शास्त्र तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं. तिच्यासाठी नवीन होता तो फक्त मायक्रो. आणि आम्ही तिला काय दिलं? कोड नंबर!

मला खरी लाज ह्याचीच वाटली. ऑफिसात आम्हीही हेच करतो. हेल्प पेजवर 'इथे क्लिक करा, मग तिथे क्लिक करा' लिहितो, आणि वापरणारा अडकला की 'युजरला कळत नाही' म्हणून मोकळे होतो. त्या क्लिकने आत काय होतं हे सांगायची तसदी कोणी घेत नाही.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कुणाला आहे? अहो, अर्धा तास पुरे. ह्या शनिवारी ब्रेडच्या तीन स्लाइस घ्या. पहिली मायक्रोवर एक मिनिट : आधी मऊ, आणि गार झाली की चामड्यासारखी चिवट. दुसरी उंच जाळीवर, ग्रिलवर चार-पाच मिनिटं : वर तांबूस, खाली मऊ. तिसरी १८० अंशांना तापलेल्या कन्व्हेक्शनमध्ये आठ-दहा मिनिटं : दोन्हीकडून कोरडी, कुरकुरीत. तिन्ही शेजारी ठेवा आणि खाऊन बघा. ह्यापुढे कुठलाही पदार्थ समोर आला की फक्त विचारायचं, ह्याला ह्यातलं काय व्हायला हवंय?

आईची नानकटाई आता १७० अंशांवर पंधरा-सोळा मिनिटांत होते. वेळ तिने स्वतः तीन घाण्यांत ठरवली, पहिल्या घाण्यात फक्त चार ठेवून. मॅन्युअल अजूनही कोरंच आहे. वाचायला हवं होतं ते मी, तिने नव्हे.

ता. क. - चहा गरम करायला अजूनही मायक्रोच वापरतो. त्यात काही गैर नाही :-)