मॅक्रो? खिशाला परवडतं, बॉस!

मॅक्रो लेन्सची किंमत ऐकून तुम्हीही दुकानातून गुपचूप बाहेर पडलात ना? नो टेन्शन. जालन्याचे असाल तर पावसाळ्यातल्या एखाद्या वीकेंडला कॅमेरा घेऊन सरळ गावी निघा. मोसंबीच्या कोवळ्या पानावर तुमची मॉडेल तयारच असते : लिंबाच्या फुलपाखराची अळी. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचलंत तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते!

आता फंडा ऐका. ५० एमएमची लेन्स उलटी करून रिव्हर्स रिंगने कॅमेऱ्याला जोडा. रिंग काहीशे रुपयांत मिळते आणि अळी सेन्सरवर जवळपास खऱ्या आकारात उमटते. लेन्स मात्र अ‍ॅपर्चर रिंगवाली, जुनी मॅन्युअल घ्या. उलट्या लेन्सशी कॅमेरा बोलत नाही. मोबाइलवाल्यांना क्लिप लेन्स पुरते. फोकसमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर येतात. त्यामुळे रिंग फिरवत बसू नका, श्वास रोखून स्वतःच किंचित मागेपुढे व्हा. सकाळी लवकर जा, तेव्हा वारा कमी असतो. फ्लॅशवर टिश्यू पेपर लावला की झाला डिफ्यूझर!

एकच सांगणं. तुमची मॉडेल बागवाल्या काकांसाठी कीड आहे, कोवळी पालवी फस्त करणारी. फवारणी कधी आहे, ते आधी विचारा. फोटो त्यांनाही दाखवा, पण अळी ठेवायची की मारायची हे त्यांना शिकवू नका.

गावी जाणं जमत नाही? बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर बघा. तिथेही हीच अळी येते, आणि तिथली फवारणी तुमच्याच हातात!