अंगाची खाज आणि न संपणारा थकवा



चाळिशी ओलांडलेली बाई सांगते, अंगाला सारखी खाज सुटते, पुरळ मात्र दिसत नाही. आणि थकवा तर पाठच सोडत नाही. तिला मिळणारी उत्तरे ठरलेली. रक्त कमी आहे, पाळी जायची वेळ आली, मनाला फार लावून घेता. यकृताच्या एका आजाराची सुरुवात बहुधा याच दोन तक्रारींनी होते आणि त्याच्या दहा रुग्णांत जवळजवळ नऊ बाया असतात, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? प्रायमरी बिलिअरी सिऱ्होसिस हे त्याचे जुने नाव. यात शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतातल्या पित्ताच्या बारीक नलिका हळूहळू नष्ट करते.

या आजाराचा पाठपुरावा केला तो डॉ. शीला शरलॉक (१९१८-२००१) यांनी. बाई म्हणून इंग्लंडमधल्या महाविद्यालयांनी त्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा त्या एडिंबरोला शिकल्या आणि १९४१ साली पहिल्या आल्या. १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये हे पद मिळालेली ही पहिली स्त्री. (याच रुग्णालयाशी जोडलेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आपल्या डॉ. रखमाबाई शिकल्या.) पित्ताची वाट तुंबली आहे की काय हे पाहायला त्या काळी रुग्णाचे पोट उघडावे लागे. १९६५ मध्ये शरलॉक, डेबोरा डोनिआक आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की रक्तातल्या एका विशिष्ट प्रतिपिंडावरून हा आजार ओळखता येतो. कितीतरी जणींची नाहक शस्त्रक्रिया त्यामुळे टळली.

नावाचा जाच मात्र उरला. सिऱ्होसिस म्हटले की लोकांच्या मनात दारू. घरचे, शेजारी, कधी डॉक्टरसुद्धा संशयाने बघत. (दारू पिणाऱ्या बाईलाही उपचारांचा हक्क आहेच, ते वेगळे सांगायला नको.) खरे तर निदान होते तेव्हा बहुतेकींना सिऱ्होसिस झालेलाही नसतो. रुग्णांनी आग्रह धरला आणि २०१५ पर्यंत सिऱ्होसिसच्या जागी 'कोलांजायटिस' हा शब्द आला.

अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर बहुतेकींचा आजार मंदावतो. उशीर झालाच तर उरते यकृताचे प्रत्यारोपण, आणि तिथे बाईचा नंबर कुठे लागतो? १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या अवयव-प्रत्यारोपणांत पाचांतले चार अवयव पुरुषांना मिळाले. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायाच जास्त. आई देते, बायको देते; तिच्यासाठी कोण देतो?

म्हणून वेळेत निदान होणे बाईसाठी दुप्पट मोलाचे. आपल्या गटांच्या आरोग्य शिबिरांत पुरळाशिवाय खाज येते का, हा प्रश्न मुद्दाम विचारा. येत असेल तर यकृताची रक्ततपासणी करून घ्या आणि तिच्यातला अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा डॉक्टरांकडून समजून घ्या. तो वाढलेला असेल तर प्रतिपिंडाच्या तपासणीबद्दल विचारा. 'काही नाही, होईल बरं' एवढ्यावर तिला घरी पाठवू देऊ नका. शक्य असेल तर तिच्यासोबत एकीने तरी दवाखान्यात जावे.