रंग काढण्याआधी चौकट टोचून पाहा

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की आपल्या वस्तीत रंगाचे डबे उघडतात. आमचे सांगणे एवढेच, ब्रश हाती घेण्यापूर्वी मोरीच्या दाराची चौकट खालून वीतभर तपासा. लाकडाचे टोक ओल्या लादीवर टेकलेले असते, ते पाणी ओढते आणि कुजणे तिथूनच सुरू होते.

जुना स्क्रूड्रायव्हर घ्या नि टोचा. चांगल्या लाकडात तो अडतो, कुजलेल्यात सहज रुततो. रंगाला फुगे, आडव्या-उभ्या भेगा, कुबट वास ही बुरशीची खूण. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचा इलाज वेगळा.

पुष्कळ जण भोकात सिमेंट भरून वर ऑइलपेंट मारतात. ओल आत कोंडते, लाकूड आणखी कुजते. आधी पाणी कुठून येते ते बंद करा. मग कुजका भाग आणि त्यावरचे चार बोटे चांगले लाकूडही कापून काढा, वाळलेल्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने बसवा, टोकाला प्रायमरचे दोन हात द्या. वीतभर कुजले म्हणून भगिनींनो, अख्ख्या चौकटीचे पैसे का मोजावेत?

पोटमाळ्याच्या तुळईचे मात्र तसे नाही. भिंतीत शिरलेले तिचे टोक मऊ लागले तर लांबी-बिंबी काही नको. पोरांची अंथरुणे त्याच रात्री दुसरीकडे हलवा, माळ्यावरचे ओझे उतरवा, जाणत्या सुताराकडून टेकू लावून घ्या. खोली भाड्याची असेल तर मालकाला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.