अपघाताचा अहवाल आम्हालाही वाचू द्या

हवाई दलाच्या विमानाला अपघात झाला की दोन ओळींचे निवेदन येते. वैमानिक सुखरूप आहे किंवा नाही, ही पहिली ओळ. कारण शोधण्यासाठी कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे आदेश दिले आहेत, ही दुसरी. तिसरी ओळ, म्हणजे शेवटी काय निघाले, ती सहसा येतच नाही. ती यायला हवी असे माझे मत आहे. या मासिकाचे निम्मे वाचक पुढेमागे गणवेश चढवणार आहेत आणि बाकीचे त्यांचे आईवडील किंवा शिक्षक आहेत, म्हणून ते इथेच मांडतो.

माझे घर नवा रायपुरला आहे. मानाचा स्वामी विवेकानंद विमानतळ तिथून जवळच. १२ मे २०२२ च्या रात्री नऊच्या सुमारास त्याच विमानतळावर छत्तीसगड सरकारचे हेलिकॉप्टर सरावाच्या वेळी कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या वसाहतीत प्रत्येकाकडे कारण तयार होते. कोणी म्हणे अंधार, कोणी म्हणे यंत्र, कोणी थेट वैमानिकांवर घसरले. पण ते हेलिकॉप्टर लष्करी नव्हते. नागरी विमानांच्या अपघातांचा तपास एएआयबी ही केंद्र सरकारची यंत्रणा करते. २०१७ च्या नियमांत तिचे काम स्पष्ट लिहिले आहे : पुढचा अपघात टाळणे हा तपासाचा हेतू, कोणाला दोषी ठरवणे हा नाही. तिचे अंतिम अहवाल कोणीही वाचू शकतो.

लष्करी विमानांना हे नियम लागू नाहीत. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावर उतरायला येणारे सुखोई-३० थेऊरजवळ शेतात पडले. विमान उतरण्याच्या तयारीत असताना दोन्ही वैमानिकांच्या खुर्च्या आपोआप सुटल्या आणि ते बाहेर फेकले गेले, असे हवाई दलाचे म्हणणे होते. दोघे वाचले. सुमारे दोनशे सुखोई महिनाभर जमिनीवर ठेवली गेली. तपासासाठी रशियाचे तज्ज्ञ आले. त्यांनी वैमानिकांकडे बोट दाखवल्याच्या बातम्या छापून आल्या आणि हवाई दलाला ते मान्य नव्हते. चौकशीचा अहवाल मात्र लोकांसमोर आला नाही. मागच्या सुट्टीत मी आईला हे सांगितले. तिने एकच विचारले, "मग खुर्ची का सुटली रे?" एनडीएच्या फॉर्मवर पालकाची सही करायची वेळ येईल तेव्हा ती हेच पुन्हा विचारणार, हे मला माहीत आहे.

आमच्या एका सरांशी मी यावर बराच वाद घातला. त्यांचे म्हणणे असे की गुप्तता हवीच. विमानाच्या उणिवा शत्रूला कशाला सांगायच्या? शिवाय जबाब बाहेर जाणार असतील तर मेकॅनिकपासून स्क्वाड्रनच्या प्रमुखापर्यंत कोणीच मोकळेपणाने बोलणार नाही. दुसरा मुद्दा मला पटतो. हाऊसमध्ये काही मोडले की "कोणी मोडले?" असा प्रश्न येतो आणि सगळे गप्प बसतात. रगडा कोणाला नको असतो!

पण त्यावर उपाय निघालेला आहे. अमेरिकेचे हवाई दल मोठ्या अपघाताची चौकशी दोनदा करते. एक सुरक्षेसाठी, तिच्यातले जबाब गुप्त राहतात. दुसरी वेगळ्या मंडळाची, तिचा अहवाल जाहीर होतो. १९ मे २०२० च्या रात्री फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर एफ-३५ए उतरताना कोसळले. वैमानिक वेळेत इजेक्ट झाला. वेग २०२ नॉट्सवर धरून ठेवणारी यंत्रणा त्याने सुरूच ठेवली होती, त्यामुळे विमान हवे त्यापेक्षा सुमारे ५० नॉट्स, म्हणजे ताशी ९० किलोमीटर जास्त वेगाने धावपट्टीला टेकले. आपल्याकडे हा विषय इथेच संपला असता : वैमानिकाची चूक. तो अहवाल पुढे जातो. हेल्मेटमधले चित्र धावपट्टीशी जुळत नव्हते आणि अंधारात वैमानिकाचे लक्ष त्यातच गुंतले. तो थकलेला होता. टेकल्यावर विमान उसळले तेव्हा शेपटीचे पंख वैमानिकाच्या हाताला दाद देईनात, कारण संगणकाचे गणित वेगळे चालले होते. विमान असे वागू शकते हे त्याला शिकवलेले नव्हते आणि सिम्युलेटरमध्येही ते तसे दिसत नव्हते. यातल्या प्रत्येक गोष्टीवर कोणीतरी काम करू शकते. "चूक" या एका शब्दावर काय काम करणार?

एफ-३५ हे त्यांचे सर्वात नवे लढाऊ विमान. त्याच्याबद्दल इतके लिहून ते अमेरिकेला महागात पडल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

आपल्याकडे हे कधीच झाले नाही असेही नाही. कुन्नूरजवळ ८ डिसेंबर २०२१ रोजी जनरल बिपिन रावत यांचे एमआय-१७ पडले. तो लँडिंगचा अपघात नव्हता, पण पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, निवेदन आले : दरीतले हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकांचे दिशाभान गेले. बिघाड किंवा घातपात नव्हता. निवेदन छोटेच होते, पण ते वाचून काय घडले ते कळत होते. मग डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातल्या ३४ अपघातांची यादी आली. तिथे याच अपघातापुढे कारण लिहिले होते : मानवी चूक (वैमानिक). वर्तमानपत्रांनी मथळा केला तो याचा, ढगांचा नाही. त्या वैमानिकांच्या मुलांनी ते सकाळी वाचले असेल, याचा विचार मी करत राहतो.

जबाब गुप्त ठेवा, रडार आणि क्षेपणास्त्रांची माहिती काळ्या पट्टीखाली झाका. पण काय घडले, का घडले आणि त्यानंतर काय बदलले, एवढी दोन पाने प्रत्येक चौकशीनंतर यावीत. आणि ती येईपर्यंत आमच्या शाळेने एक करावे. शनिवारच्या व्याख्यानाला निवृत्त अधिकारी येतात आणि विजयांच्या गोष्टी सांगतात, त्या आम्हाला आवडतातच. त्यातला एक शनिवार एग्लिनच्या अहवालाला द्यावा. अहवाल इंग्रजीत आहे, भाषा अवघड आहे, पण नववी-दहावीच्या कॅडेट्सना झेपेल. फळ्यावर धावपट्टी काढायला मी तयार आहे.