वजिराचा मोह आवरा!

लंच अवरमध्ये मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचा ब्लिट्झ खेळणाऱ्या तमाम मंडळींनो, हा सीन तुमच्या ओळखीचाच असणार. घड्याळात सहा सेकंद उरलेत, तुमचं प्यादं शेवटच्या पट्टीत पोचतंय. अंगठा काय करणार? वजीर! दुसरं काही सुचतच नाही. आणि मग कळतं, की समोरच्या राजाला शह तर नाहीये, पण हलायला घरही उरलेलं नाही. स्टेलमेट! हातात आलेला अख्खा पॉइंट अर्धा झाला.

यावरचा सगळ्यात भारी किस्सा १८९५ सालचा आहे. ग्लासगोच्या एका पेपरातल्या बुद्धिबळाच्या सदरात एक पोझिशन छापून आली. पांढऱ्याकडे राजा आणि एक प्यादं, काळ्याकडे राजा आणि हत्ती. सदरलेखकाचं म्हणणं, डाव बरोबरीतच सुटणार. कारण प्याद्याचा वजीर केला रे केला, की काळा हत्ती शह देत स्वतःच मरायला येतो. वजिराने तो मारला, की कोपऱ्यातल्या काळ्या राजाची कोंडी!

तिथेच राहणाऱ्या फर्नांडो सावेद्रा या स्पॅनिश पाद्र्याने दाखवून दिलं, की वजीर करायचाच नाही, हत्ती करायचा! वजीर तिरका चालतो, म्हणून तो काळ्या राजाचं एकुलतं एक घर अडवतो. हत्ती ते मोकळं ठेवतो. वर पुढच्याच खेळीत मात करायची धमकी. काळ्याने हत्ती मध्ये घालून ती टाळली, की पांढरा राजा एक घर सरकतो. आता काळा हत्तीही माऱ्यात आणि मातही समोर. दोन्ही वाचवणं अशक्य. खेळ खल्लास! सावेद्रा काही मोठा खेळाडू नव्हता, पण या एका खेळीने त्याचं नाव राहिलं.

हे सगळं जुनंपुराणं वाटतंय? मग २०१६ चं न्यूयॉर्क बघा. जागतिक अजिंक्यपदाचा टायब्रेक, २५ मिनिटांचे रॅपिड डाव. चौथ्या डावात ५० व्या खेळीला मॅग्नस कार्लसनने कार्याकिनच्या राजासमोर चक्क वजीर ठेवला. राजाने मारला तरी मात, प्याद्याने मारला तरी मात! कार्याकिनने डाव सोडला. त्या दिवशी कार्लसनचा २६ वा वाढदिवस होता. बर्थडे गिफ्ट असावं तर असं!

आता आपल्या कामाचं :

• ॲपमध्ये प्याद्याचा आपोआप वजीर करणारं सेटिंग असतं. ते बंद करा. एक टॅप जास्त लागेल, पण डोकं जागं राहील.

• समोर एकटा राजा उरला, की प्रत्येक खेळीआधी बघा, त्याला हलायला घर आहे ना?

• तुमचा टाइम संपत आलाय आणि समोरच्याकडे राजा आणि एकच प्यादं आहे? मोहरा देऊन ते प्यादं उडवा. नुसत्या राजाने मात होत नाही, त्यामुळे टाइम संपला तरी अर्धा पॉइंट तुमचाच.

अप्रेझलमध्ये मोठी पोस्ट जरूर मागा. पण उद्या लंच अवरला प्यादं शेवटच्या पट्टीत पोचलं, की त्याला प्रमोशन देण्याआधी एक सेकंद थांबा!