जेवण आठला

कतारगाममधल्या आमच्या बायकांचं ठरलं, "धर्मशाळा खूप झाल्या, आता दमणचं रिसॉर्ट." गेलो. शंखेश्वर, पालिताण्याला स्वस्त खोल्यांत राहिलो; पण भोजनशाळेत दिवस मावळायच्या आत ताट आणि न मागता उकळलेलं पाणी मिळे. इथे दिवाळीत सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, जेवण आठला! गुजरातेत दारूबंदी, दमणमध्ये नाही. म्हणून अख्खी संध्याकाळ पिणाऱ्यांच्या सोयीनं लावलेली. सासूबाईंचा चौविहार. त्यांनी समुद्राकडे तोंड करून कोरडा खाकरा खाल्ला. "जैन थाळी आहे ना," मॅनेजर म्हणाला. अहो, कांदा-बटाटा काढला की झालं जैन? घड्याळाचं काय? गादी मऊ होती, खोटं कशाला बोलू. पण एवढे पैसे मोजून वेळेवर भात मागायची लाज आपल्यालाच का? मी मागितला. दुसऱ्या दिवशी मिळाला, साडेपाचला, गरम.