गंबोतून मैदा काढला तर गंबो उरतो का?

गंबो हे नाव आपल्या मेसच्या फळ्यावर कधी येईल असं वाटत नाही, म्हणून आधी ओळख करून देते. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातला हा दाट रस्सा. मासळीच्या गंबोत कोळंबी, खेकडे, कालवं. बेसला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. आणि खाताना सोबत भात.

आता वाद असा, की हाच गंबो काही जण मैदा आणि भात वगळून 'हेल्दी' करतात. तिकडच्या जुन्या मंडळींना हे अजिबात पटत नाही. २०१६ मध्ये डिस्नेने आपल्या टियाना राजकन्येच्या नावाने केल आणि किनोआ घातलेला 'हेल्दी गंबो' दाखवला, तेव्हा लुइझियानाचे लोक इतके खवळले की तो व्हिडिओ काढून टाकावा लागला! त्यांचा राग मला समजतो. उद्या कोणी ओट्सची पुरणपोळी करून 'अस्सल' म्हणून खपवली, तर आपणही गप्प बसणार नाही.

पण मित्रांनो, जरा इतिहास बघा. गंबो दाट करायच्या तीन पद्धती आहेत. पहिली 'रू', म्हणजे तेलात किंवा तुपात परतलेला मैदा. ही फ्रेंचांची देणगी. दुसरी भेंडी. होय, आपलीच भेंडी! ती आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर तिथे पोचली, आणि 'गंबो' हा शब्दसुद्धा भेंडीच्या आफ्रिकन नावावरूनच आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिसरी 'फिले', म्हणजे ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड. ही चॉक्टॉ आदिवासींची. केजन लोकही मूळचे बाहेरचेच. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातून हुसकावलं, आणि मग त्यातले बरेच जण लुइझियानात येऊन वसले. म्हणजे ज्याला जे मिळालं ते त्याने पातेल्यात घातलं. आणि तीनपैकी दोन पद्धतींत धान्याचा कणही नाही!

आता थोडं इंजिनिअरिंग. कुठलाही पार्ट काढण्याआधी तो काय काम करतो ते बघायचं असतं. रू दोन कामं करतो, दाटपणा देतो आणि भाजल्याचा खमंग स्वाद देतो. लाडवाचं बेसन भाजावं तसा मैदा चॉकलेटी होईपर्यंत सतत हलवत राहायचं. गंमत म्हणजे रू जितका काळपट, तितका स्टार्च मोडतो आणि दाटपणा कमी होतो. म्हणून नुसतं बदामाचं पीठ घालून काम भागत नाही. त्यात स्टार्च जवळपास नसतोच. त्यापेक्षा दाटपणा भेंडीकडून घ्यावा, किंवा गॅस बंद केल्यावर फिले घालावी (उकळली की तिला तार सुटते). आणि स्वादासाठी कांदा मंद आचेवर चांगला तांबूस करावा, कोळंबीची डोकी-सालं उकळून त्याचं पाणी वापरावं. भेंडी आधी वेगळी परतून घेतली की बुळबुळीतपणा कमी होतो, हे आपल्या आयांना कोणी शिकवावं लागत नाही.

राहिला भात. त्याऐवजी किसलेला फ्लॉवर चालतो. पण केजन घरांत गंबोबरोबर बटाट्याचं सॅलडही खातात, काही जण तर ते सरळ वाटीतच टाकतात. म्हणजे भाताला पर्यायही घरचाच निघाला.

माझा आक्षेप आहे तो 'हेल्दी' या शब्दाला. धान्य काढलं की पदार्थ आपोआप पौष्टिक होत नाही. मीठ आणि तेल तेवढंच राहिलं तर काय उपयोग? डायबेटिस असलेल्या माणसाने भात सोडून बटाटा खाल्ला, तर फायदा शून्य. आणि 'धान्य' कशाला म्हणायचं यात आपणही कमी गोंधळ घालत नाही. उपवासाला भगर चालते, पण वनस्पतिशास्त्रात ती धान्यच आहे की!

मग हा खटाटोप कोणासाठी? आमच्या विंगमध्ये एका मैत्रिणीला सिलिअॅक आहे. गव्हाचा थोडासा अंशही तिच्या आतड्याला इजा करतो. तिला भात चालतो, पण चपाती, ब्रेड, मैद्याने दाट केलेलं सूप, सगळं बंद. तरी रोज कोणीतरी विचारतंच, "काय, डाएट का?" वाढदिवसाला सगळे केक खातात आणि ती केळं सोलत बसते. तिला चव बदलल्याचं दुःख नाही, वेगळं ताट घेऊन बसण्याचं आहे.

गंबो हा मुळात मोठ्या पातेल्यात, पुष्कळ माणसांसाठी करायचा पदार्थ. तो करताना मैदा वगळल्याने जर एक माणूस पंगतीत बसू शकत असेल, तर माझ्या मते गंबोचा अपमान होत नाही. फक्त बदल केला तर तसं स्पष्ट सांगा, आणि फॅशन म्हणून त्यावर 'हेल्दी'चा शिक्का मारू नका. आणि हो, पुढच्या वेळी कोणी चपाती नको म्हटलं, तर "डाएट का?" म्हणण्याआधी "तुला काय चालतं?" एवढं विचारा. त्याला काही खर्च येत नाही.